जुन्या टेलिफोनची बेल अवेळी वाजते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजोळच्या माळ्यावरून किंवा चोर बाजारातून आणलेला काळा, गोल डायलचा फोन घरी येतो, पुसूनपासून लाइनला लागतो आणि दोन दिवसांत तक्रार सुरू होते: कोणाचा फोन नसताना बेल ‘टिण’ करते. कधी एकदाच, कधी सलग. खालची उत्तरं दोन वाट्यांच्या खऱ्या यांत्रिक बेलसाठी आहेत. आपल्याकडे सापडणारे बहुतेक संच बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज म्हणजे आयटीआयचे, ब्रिटिश वळणाचे. परदेशातल्या मंडळींनी तिकडचे संच घेतले असतील, तर त्यांच्यासाठी वेगळे प्रश्न पुढे आहेत.

माझ्या फोनमध्ये खरी बेल आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

फोन हातात धरून हलकेच हलवा. आतून धातूचा बारीक किणकिणाट आला तर खरी बेल आहे. पितळी नक्षीचे, ‘अँटिक’ म्हणून विकले जाणारे कित्येक फोन अगदी अलीकडचे असतात. त्यांच्या पोटात बटणांच्या फोनची सर्किट-पट्टी आणि छोटा बझर असतो, डायलसुद्धा नुसती बटणं लपवायला. त्यांना हे पान लागू नाही. आणि विकणाऱ्याने ‘१९२० सालचा’ म्हणून सांगितलं असेल, तर तळाचा स्क्रू काढून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

कॉलच नसेल तर बेल वाजते कशी?

बेलमध्ये दोन कॉइल, एक कायमचुंबक आणि मधे खिळीवर डुलणारी लोखंडी पट्टी असते. पट्टीला तार, तारेच्या टोकाला बोराएवढी हातोडी, आणि हातोडीच्या दोन्ही अंगांना धातूच्या दोन वाट्या. कॉल आला की एक्स्चेंज लाइनवर साधारण ७५ व्होल्टचा, सेकंदाला २५ आवर्तनांचा एसी सोडतं. आवर्तनाच्या एका अर्ध्यात पट्टी इकडे ओढली जाते, दुसऱ्या अर्ध्यात तिकडे. म्हणजे सेकंदाला पन्नास ठोके. ग्रॅहम बेल यांचे सहकारी थॉमस वॉटसन यांनी १८७८ मध्ये ही जातकुळी काढली आणि पुढची शंभर वर्षं तिच्यात मुळातून काही बदललं नाही.

कॉल नसतो तेव्हा लाइनवर ४८ ते ५० व्होल्टचा डीसी असतो. तो कॉइलमधून वाहत राहू नये म्हणून बेलच्या वाटेत कंडेन्सर बसवलेला असतो. कंडेन्सर स्थिर डीसी अडवतो, पण व्होल्टेज अचानक चढलं किंवा उतरलं तर तेवढ्यापुरता प्रवाह सोडतो. गोम इथेच आहे. घरातल्या कोणत्याही फोनचा रिसीव्हर उचलला की लाइनवरचे पन्नास व्होल्ट एकदम दहाच्या आसपास येतात, ठेवला की परत चढतात. प्रत्येक वेळी कॉइलला एक झटका बसतो. पट्टीच्या दृष्टीने हा झटका आणि कॉलच्या एसीचा पहिला ठोका यांत काही फरक नसतो. झटका पुरेसा जोरकस असेल, तर हातोडी एकदा हलते आणि वाजते.

त्यामुळे बेल अवेळी वाजते याचा अर्थ ती बिघडली असा नव्हे. उलट कॉइल, कंडेन्सर, चुंबक सगळं जिवंत आहे, फक्त कोणत्या झटक्याला दाद द्यायची आणि कोणत्या नाही ही तोल-जुळणी सुटलेली आहे. ती जुळवायला बहुतेक वेळा एक पेचकस पुरतो.

मग सुरुवात कुठून करू?

फोन उघडण्याआधी ती *कधी* वाजते ते पाहा. दोन-तीन दिवस लक्ष ठेवलं तरी पुरे. दुसऱ्या फोनवरून नंबर फिरवताना वाजते का? फक्त उचलताना-ठेवताना एकदा? याच फोनवरून डायल करताना? पाऊस लागल्यावर? मॉडेम बंद-चालू झाल्यावर? की शेजारून ट्रक गेल्यावर? प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. मला येणाऱ्या बहुतेक विचारणांमध्ये मात्र एवढंच लिहिलेलं असतं: ‘मधूनमधून वाजते, कंडेन्सर बदलू का?’ नका बदलू. निदान आधी नको.

दुसऱ्या फोनवरून डायल केलं की जुन्या फोनची बेल टिणटिणते.

हा सर्वांत जुना आणि सर्वांत सामान्य प्रकार. गोल डायल सेकंदाला दहाच्या वेगाने लाइन तोडते आणि जोडते. ७ फिरवला की सात वेळा, ० फिरवला की दहा वेळा. पॅरलल, म्हणजे त्याच लाइनवर जोडलेल्या दुसऱ्या फोनच्या बेलला तितकेच झटके बसतात. दुमजली घरात खाली बसलेल्यांना वर कोणी फोन लावतंय हे बरोबर कळायचं ते यामुळेच. सुरुवातीलाच लांबलचक टिणटिण झाली म्हणजे पहिला आकडा शून्य, म्हणजे एसटीडी, म्हणजे बिल. घरातल्या वडीलधाऱ्यांना ही सोय वाटत असे. तरुणांना अर्थातच नाही.

दुसरा फोन बटणांचा असेल तर उपाय फुकट आहे. त्याच्या तळाशी किंवा कडेला ‘पी’ आणि ‘टी’ असं लिहिलेलं सरकबटण असतं, पल्स आणि टोनसाठी. ते ‘टी’वर सरकवा. टोनने डायल करताना लाइन तुटत-जुळत नाही, नुसते सूर जातात. त्या सुरांची पट्टीला जाणीवही होत नाही. उचलतानाचा आणि ठेवतानाचा एखादा ‘टिण’ तेवढा उरेल.

दोन्ही फोन गोल डायलचे असतील, किंवा टोनवर करूनही त्रास उरला असेल, तर पुढचे दोन प्रश्न वाचा.

लाइनच्या दोन वायरी उलटसुलट केल्या की बेल गप्प होते म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, आणि खोटं वाटावं इतकं सोपं आहे. पहिला प्रयोग हाच करा.

चांगल्या बेलमध्ये पट्टीला एक बारीक स्प्रिंग असते. ती हातोडीला कायम एका वाटीच्या बाजूला झुकवून ठेवते. आता झटका त्याच बाजूचा आला, तर पट्टी आधीच तिथे टेकलेली, ती हलणार कुठे? दाराला पाठ लावून बसलेल्या माणसाला दाराकडेच ढकलण्यासारखं ते. झटका उलट्या बाजूचा आला, तर मात्र स्प्रिंगवर मात करून हातोडी पलीकडच्या वाटीवर आपटते. डायल करताना दोन्ही दिशांचे झटके येतात, पण त्यांचा जोर सारखा नसतो. लाइन तुटतानाचा वेगळा, जुळतानाचा वेगळा. दोघांतला दांडगा झटका स्प्रिंगच्या बाजूने पडेल अशी जोडणी असली की काम झालं. ती तशी आहे की उलट, हे लाइनची कोणती वायर कुठे लावली त्यावर ठरतं. लाइनमनने, इलेक्ट्रिशियनने किंवा तुम्ही स्वतः ती जशी हाताला आली तशी लावलेली असते. म्हणजे चूक होण्याची शक्यता निम्मी.

करायचं एवढंच: भिंतीवरच्या रोझेटमध्ये, म्हणजे लाइन आणि फोनची दोरी जिथे जोडतात त्या छोट्या डबीत, फोनच्या दोरीच्या दोन वायरी ज्या दोन स्क्रूंखाली आहेत, त्यांची अदलाबदल. बोलणं, ऐकणं, डायल करणं यांत गोल डायलच्या फोनला फरक पडत नाही. अदलाबदलीनंतर दुसऱ्या फोनवरून ० फिरवून पाहा. आवाज थांबला किंवा निम्म्यावर आला तर तिथेच थांबा.

लाइन चालू असताना वायरींना उघडा हात लावू नका. पन्नास व्होल्ट कोरड्या हाताला जाणवतही नाहीत. पण नेमका त्या क्षणी कोणी कॉल केला, तर ७५ व्होल्टचा एसी चांगला दणका देतो. आधी रोझेटमधून बाहेरची लाइन सोडवा, मग काय ते करा.

स्प्रिंग किती ताणायची?

जेमतेम. स्प्रिंग सैल असेल तर बेल उगाच वाजते, फार ताणली तर कॉललाही वाजत नाही किंवा एकाच वाटीवर अशक्त ‘टक-टक’ करते. दोहोंच्या मधली जागा शोधायची असते.

काही संचांत स्प्रिंगचं टोक अडकवायला खाचा असतात, काहींत छोटा स्क्रू असतो, काहींत पत्र्याची जीभ नाकपक्कडीने किंचित वाकवावी लागते. एका वेळी एक खाच, किंवा स्क्रूचा पाव फेरा. मग दोन चाचण्या, दोन्ही हव्यात: दुसऱ्या फोनवरून ० फिरवा, आणि मोबाइलवरून या लाइनला कॉल करा. पहिल्यात गप्प आणि दुसऱ्यात खणखणीत, ही जागा सापडली की हात मागे घ्या.

सगळ्याच बेलला ही स्प्रिंग नसते. नसेल तर वायरींच्या अदलाबदलीचा फायदाही फारसा होणार नाही. मग वाट्यांकडे वळा, आणि त्यानेही भागलं नाही तर खाली झेनर डायोडचा (ठरावीक व्होल्टपर्यंत प्रवाह अडवून धरणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक भागाचा) उपाय आहे.

कायमचुंबक मात्र काढू नका. ‘साफ करायला’ म्हणून चुंबक सुटा करून उलटा बसवलेले संच माझ्याकडे दुरुस्तीला येतात. चुंबक उलटला की झुकाव आणि झटका यांचं सगळं गणित फिरतं, आणि दोष शोधणारा माणूस दिवसभर वायरी तपासत बसतो.

वाट्या जुळवणं म्हणजे नेमकं काय करायचं?

कवच काढलं की दोन्ही वाट्या दिसतात, प्रत्येकीच्या मधून एक स्क्रू गेलेला. नीट पाहिलंत तर स्क्रूचं भोक वाटीच्या बरोबर मध्यात नसतं, जरासं एका अंगाला असतं. तो ओतकामातला दोष नाही, मुद्दाम केलेलं आहे. स्क्रू अर्धा फेरा सैल करून वाटी फिरवली की तिची कड हातोडीच्या जवळ येते किंवा लांब जाते.

हातोडी बोटाने हळूच एका बाजूला न्या, पट्टी चुंबकीय खांबाला, म्हणजे कॉइलमधल्या लोखंडी गाभ्याच्या टोकाला, टेकेपर्यंत. त्या स्थितीत हातोडी आणि वाटी यांच्यात जाड पत्रिकेच्या कागदाइतकी फट उरली पाहिजे. बेल वाजते तेव्हा पट्टी खांबावर आपटून थांबते, पण हातोडीची तार लवते, हातोडी वेगाच्या भरात पुढे जाते, वाटीला शिवते आणि झटक्यात परत येते. म्हणून वाटीला घुमायला मोकळीक मिळते. फट नसेल तर हातोडी वाटीला टेकूनच राहते. मग दोन गोष्टी होतात: कॉलचा आवाज दबका, पत्र्यावर मारल्यासारखा येतो, आणि टेबलाला धक्का लागला, दार आपटलं, रस्त्यावरून ट्रक गेला की बेल आपोआप किणकिणते. लाइनला न जोडलेला, नुसता शोभेला ठेवलेला फोन वाजतो तो असा. भुताटकी वगैरे काही नाही.

फट फार मोठी ठेवली तर उगाच वाजणं थांबतं खरं, पण बेलही मरतुकडी होते. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवायच्या. नंतर स्क्रू घट्ट करायला विसरू नका, सैल वाटी नुसती खरखरते. वाट्यांवर गंज असेल तर तो पुसून काढा, पण पॉलिश, तेल, लाख यांतलं काही लावू नका. त्याने सूर बदलतो.

याच फोनवरून डायल करताना याचीच बेल टिणटिणते.

बहुतेक संचांत रिसीव्हर उचलल्यावर क्रेडलखालचे (रिसीव्हर ठेवतात त्या जागेखालचे) किंवा डायलमधले संपर्क बेलला बाजूला काढतात. डायलच्या मागे पत्र्याच्या पातळ पट्ट्यांचा एक जुडगा असतो. डायल जागेवरून हलली की त्यांतल्या काही पट्ट्या जुळतात आणि डायल परत येईपर्यंत जुळलेल्या राहतात. कानात ‘कट कट’ ऐकू येऊ नये, ही सोय त्यांचीच. त्यांच्यावर काळपट थर चढला किंवा एखादी वाकली, तर बेल बाजूला काढली जात नाही.

कोरा, खरखरीत नसलेला जाड कागद दोन पट्ट्यांच्या मधे घालून, वरून हलकं दाबून दोन-तीनदा ओढा. काळं निघेल. पॉलिश पेपर कधीच नको, संपर्काचा मौल्यवान थर खरवडला जातो. मग डायल हळू फिरवून पट्ट्या खरंच एकमेकींना भेटतात का ते डोळ्यांनी पाहा.

अमेरिकन ‘५००’ मॉडेलच्या संचाची गोष्ट वेगळी. त्यात बेल कायम लाइनवरच असते, तिला गप्प ठेवण्याची सगळी जबाबदारी झुकावाच्या स्प्रिंगवर.

कंडेन्सर बदलायची वेळ आली, हे कसं कळतं?

खूण अशी: कॉल आला की बेल एकदा अर्धवट वाजते आणि बंद पडते, समोरच्याला मात्र फोन उचलल्यासारखं वाटतं. डीसी प्रवाह वाहू लागला की एक्स्चेंज ‘उचलला’ असं समजतं. गळका कंडेन्सर हेच सोंग करतो. थोडीच गळती असेल तर फोन तुटत नाही, पण कॉइलमधून डीसी सतत झिरपतो, पट्टी एका बाजूला ओढलेली राहते आणि स्प्रिंगचं गणित बिघडतं.

तपासायचं तर कंडेन्सरचं एक टोक सोडवा, मल्टिमीटर ओहमच्या सर्वांत वरच्या रेंजवर लावा. आकडा चढत चढत रेंजबाहेर गेला तर कंडेन्सर निरोगी. मधेच काही लाख ओहमवर येऊन थांबला तर गळका. जुने कागदी कंडेन्सर पत्र्याच्या डबीत असतात आणि आपल्या दमट हवेत त्यांची दशा होते. नवा घेताना पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा घ्या, डबीवर जितके मायक्रोफॅरड छापलेत तितक्याच मापाचा. इलेक्ट्रोलिटिक चालणार नाही. व्होल्टेज किमान २५० चं हवं: ७५ व्होल्ट एसीचं शिखर १०६ व्होल्टच्या आसपास, त्यात लाइनचे ५०, म्हणजे दीडशेच्या वर तर ते असंच जातं.

ब्रिटिश वळणाच्या अनेक संचांत हाच कंडेन्सर बोलण्याच्या सर्किटमध्येही काम करतो. त्यामुळे ‘बेल नकोच आहे’ म्हणून तो उपटून टाकू नका.

पावसाळ्यातच त्रास होतो. बाकी आठ महिने फोन गुणी असतो.

मग फोनला हात लावू नका, दोष बाहेर आहे. खांबावरची डीपी (लाइनी वाटणारी पेटी), गच्चीवरून घरात आलेली ड्रॉप वायर, तिला मधेच टेप गुंडाळून मारलेला जोड: यांत कुठेतरी पाणी शिरतं. ओल्या जोडातून लाइन क्षणभर गळते, परत सावरते, व्होल्टेज खाली-वर होतं आणि बेल टिचकी मारते. त्याच वेळी रिसीव्हर कानाला लावलात तर खरखर ऐकू येईल. तीच पक्की खूण. फोन सोडवून दुसरा साधा फोन लावा. खरखर तशीच असेल तर लाइनची तक्रार नोंदवा आणि लाइनमनला ‘बेल वाजते’ असं न सांगता ‘खरखर येते’ असं सांगा. पहिलं ऐकून तो फोनच बदला म्हणेल.

घराच्या आतल्या भागात जुनी, सुती वेष्टनाची वायर असेल तर ती बदलून टाका.

मध्यरात्री एकदाच ‘टिण’ होतं, आणि रोज साधारण त्याच सुमाराला.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हा जुना अनुभव. एक्स्चेंजची यंत्रं रहदारी कमी असताना, म्हणजे रात्री, लाइनींच्या इन्सुलेशनची आपोआप चाचणी घेत. चाचणीचं व्होल्टेज लाइनवर आलं-गेलं की नीट न झुकवलेली बेल एकदा वाजायची. आपल्याकडे आज हा प्रकार दिसला तर आधी घरातलंच कारण शोधा: ठरलेल्या वेळी स्वतः रीबूट होणारा मॉडेम, इन्व्हर्टरवर जाणारी वीज, लाइनवर असलेला फॅक्स किंवा अलार्मचा डबा. एक रात्र फक्त हा फोन लाइनला ठेवा, बाकी सगळं सोडवा.

ढग गडगडू लागले की बेल वाजते.

फोनची दोरी रोझेटमधून काढून ठेवा. जवळपास वीज पडली की तारेत व्होल्टेज उसळतं, बेल वाजते हा त्याचा सौम्य परिणाम. अशा वेळी बेलची जुळणी वगैरे काही करायला जाऊ नका आणि तारेच्या फोनवर बोलूही नका.

फायबर आल्यापासून बेल वेडीवाकडी वाजते.

फायबरच्या घरात एक्स्चेंजचं काम भिंतीवरचा ओएनटी नावाचा डबा करतो. इंटरनेट-फोनचा अडॅप्टर वापरत असाल तर तो करतो. हे डबे बटणांच्या हलक्या फोनसाठी बनवलेले असतात. जुन्या दणकट बेलला लागणारा जोर काहींकडे नसतो. म्हणून कॉल आला की हातोडी अर्धवट थरथरते. लोक मग बेल जोरात वाजावी म्हणून स्प्रिंग सैल करतात, आणि उगाच वाजण्याचं दुखणं नव्याने मागे लावून घेतात.

डब्याच्या सेटिंगमध्ये रिंगचं व्होल्टेज, वारंवारता आणि लहरीचा आकार बदलता येतो का ते पाहा. आपल्या संचांना २५ हर्ट्झ मानवतात. आयात केलेल्या डब्यात २० असू शकतात. साइन लहर असेल तर ती निवडा. एका डब्यावर एकच यांत्रिक बेल ठेवा. डबा रीबूट होताना लाइनचं व्होल्टेज जातं आणि परत येतं, तेव्हाचा एखादा ‘टिण’ सहन करा किंवा वायरींची अदलाबदल करून पाहा.

बरेच डबे गोल डायलचे पल्स ओळखत नाहीत. म्हणजे कॉल येईल पण लावता येणार नाही. घेण्यापूर्वी विचारून घ्या.

ब्रॉडबँड तांब्याच्या लाइनवर आहे. बेल वाजली की इंटरनेट तुटतं.

फोन स्प्लिटरच्या किंवा फिल्टरच्या (इंटरनेट आणि फोन वेगळे करणाऱ्या डबीच्या) ‘फोन’ बाजूलाच लावा. थेट लाइनवर नको.

इंग्लंडमध्ये ७४६ मॉडेलचा जुना ब्रिटिश फोन घेतला आहे. तिकडची बेलची वायरिंग निराळी आहे का?

हो, आणि ती मुळात याच दुखण्यावरचा इलाज म्हणून आहे. १९८१ पासून ब्रिटनमध्ये आलेल्या प्लग-सॉकेट पद्धतीत घरातल्या पहिल्या, मास्टर सॉकेटमध्ये १.८ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो आणि तिथून बेलसाठी तिसरी वायर निघते. सगळ्या फोनच्या बेल त्या तिसऱ्या वायरीवर. एखाद्या फोनवरून डायल करू लागलं की तो फोन ही वायर लाइनशी जोडून टाकतो, त्यामुळे बाकीच्या बेलपर्यंत झटका पोचतच नाही. माझ्या मते या विषयातली ही सर्वांत देखणी युक्ती. स्प्रिंग नाही, नशीब नाही, झटक्याची वाटच बंद.

७०६ (तिकडचंच आणखी एक जुनं मॉडेल) किंवा ७४६ नव्या सॉकेटवर आणताना १००० ओहमच्या बेलसोबत ३.३ किलो-ओहमचा रेझिस्टर मालिकेत, म्हणजे त्याच वाटेत एकापुढे एक, घालतात, बेल तिकडच्या नव्या फोनच्या बरोबरीची व्हावी म्हणून. त्यानेही टिणटिण कमी होते. ब्रॉडबँडसाठी तिसरी वायर काढून टाकलेली घरं तिकडे पुष्कळ आहेत. अशा घरात जुन्या फोनची बेल मुळात वाजणारच नाही.

आणि अमेरिकेतला ५००?

तो १९४९-५० च्या सुमाराचा, हेन्री ड्रेफस यांच्या आरेखनाचा, आणि बेलच्या बाबतीत सर्वांत समजूतदार. झुकावाच्या स्प्रिंगला दोन खाचा आहेत, कमी आणि जास्त. टिणटिणत असेल तर जास्तीच्या खाचेत अडकवा. तरीही राहिली तर लाइनच्या लाल आणि हिरव्या वायरीची अदलाबदल. तळाशी आवाजाचं चाक आहे. ते पूर्ण बंद होऊ नये म्हणून आत एक अडसर ठेवलेला असतो. तिकडे रिंग ९० व्होल्ट, २० हर्ट्झची. त्यामुळे तिकडचा फोन इकडे आणला तर आवाज जरा वेगळा लागतो, तो दोष समजू नका.

सगळं करून झालं, तरी वाजतेच.

मग दोन झेनर डायोड. २७ व्होल्टचे, एक वॅटचे, एकमेकांना पाठ करून, बेलच्या एका वायरीत मालिकेत. २७ व्होल्टपेक्षा लहान झटका त्यांच्यातून जातच नाही, आणि पन्नासचा झटका आला तरी त्याचा निम्म्याहून जास्त जोर तिथेच खर्च होतो. कॉलच्या एसीचं शिखर शंभरच्या वर असल्याने बेल वाजते, आवाज मात्र थोडा उतरतो. दहा-वीस रुपयांचं काम. मूळ वायर कापू नका, स्क्रूखालचं टोक काढून मधे जोडा, म्हणजे उद्या कोणाला संच मूळ रूपात हवा असेल तर एका मिनिटात परत करता येईल. जुन्या वस्तूत भर घालायची तर एवढी मर्यादा पाळावी.

रात्रीपुरती बेल पूर्ण बंद ठेवायची आहे.

आठवणीने दोरी काढून ठेवणं सर्वांत चांगलं. नाहीतर बेलच्या कॉइलचं एक टोक सोडवून टेप गुंडाळा आणि त्या वायरीत छोटा स्विच घाला. हातोडी वाकवणं, वाट्यांत कापूस कोंबणं, चिकटपट्टी मारणं, हे सगळं मी संचांमध्ये पाहिलेलं आहे. कापसाने ओल धरून वाटी गंजते आणि चिकटपट्टीचा गोंद वर्षानुवर्षं निघत नाही.

आमच्या नाटकात फोन उचलल्यावरही बेल वाजत राहते आणि प्रेक्षक हसतात.

कारण विंगेतला माणूस बटण सोडायला उशीर करतो. खऱ्या लाइनवर रिसीव्हर उचलताक्षणी डीसी वाहतो आणि एक्स्चेंज बेल तोडतं. तुमच्या रंगमंचावर एक्स्चेंज नाही. बेलची वायर त्या फोनच्या क्रेडलच्या अशा संपर्कातून फिरवा, जो रिसीव्हर ठेवलेला असताना जुळलेला आणि उचलला की सुटलेला असतो. मग विंगेत बटण दाबलेलं राहिलं तरी नटाने उचलताच बेल थांबेल, आणि त्याने घाईने आधीच उचललं तर वाजणारच नाही.

वीज ट्रान्सफॉर्मरमधूनच द्या, थेट भिंतीच्या प्लगमधून कधीही नाही. ट्रान्सफॉर्मरचे ५० हर्ट्झ या बेलला जरा जास्तच वेगाचे पडतात, पट्टीला पूर्ण पल्ला गाठायला वेळ मिळत नाही आणि आवाज गुणगुणल्यासारखा येतो. खणखणीत हवी असेल तर २५ हर्ट्झचा तयार रिंग-जनरेटर मिळतो तो घ्या.

फोन एसटीने गावाहून आणायचा आहे. वाटेत वाजणार नाही ना?

वाजेल, प्रत्येक खड्ड्याला. कवच काढून हातोडी आणि दोन्ही वाट्या यांच्यामध्ये स्पंजचे तुकडे हलकेच सरकवा, कवच परत लावा, रिसीव्हर वेगळा गुंडाळा. दौऱ्यावरच्या नाटकाच्या फोनलाही हेच. पोचल्यावर स्पंज काढल्याशिवाय लाइनला जोडू नका, नाहीतर ‘बेल वाजत नाही’ म्हणून उलटा शोध सुरू होईल.